चाकावरचं घर आणि हद्दीवरचा नाका



तीन दिवसांपासून झड लागून आहे. सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्यात, खालच्या रानात पाणी साचलंय, पाय टाकला की घोट्याएवढा चिखल. फवारणी बंद, निंदणी बंद. चर मोकळे करून आलो आणि ओसरीवर बसलो. त्यामुळं आज पिकाची नोंद एवढीच. आजची नोंद इतिहासाची आहे. १७ सप्टेंबर जवळ आलाय, आणि परवा पुतण्यानं एक व्हिडिओ पाठवला, त्यावरून हा विषय निघाला.

पुतण्या अमेरिकेत असतो. सुट्टीला त्यानं एक मोठी गाडी भाड्यानं घेतली. गाडी कसली, घरच ते. आत गॅस, पलंग, मोरी, फ्रीज, सगळं. बायको-लेकरांना घेऊन नॉर्थ डकोटा या राज्यातून निघाला आणि हद्द ओलांडून कॅनडाच्या मॅनिटोबात गेला. सगळा एक दिवसाचा प्रवास. दिवसभर सपाट रान, कुठं टेकडी नाही की ओढा नाही. हद्दीवर एका खिडकीपाशी गाडी थांबवली. तिथल्या माणसानं पासपोर्ट बघितले आणि विचारलं, फळं आहेत का, मटण आहे का, झाडं-बियाणं आहे का, जळणाचं लाकूड आहे का, पैसे किती आहेत. पाच मिनिटांत सोडलं. पोरानं शेवटी विचारलंय, "काका, आपल्याकडं असं चाकावर घर घेऊन कुणी हद्द ओलांडली असंल का?"

मी त्याला कळवलं, "तुझ्या पणजोबांनीच ओलांडली. बैलगाडीत. त्यांना पाच मिनिटांत कुणी सोडलं नव्हतं."

मग वाटलं, हे पुतण्याला एकट्याला सांगण्यापेक्षा सगळ्यांसाठीच लिहून ठेवावं. मी दहावी शिकलेला माणूस, इतिहासाचा मास्तर नाही. काही आजीकडून ऐकलेलं, काही अण्णांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून, आणि काही पुस्तकांत वाचून ताडून घेतलेलं.

आपली हद्द कुठं होती?

नव्या पोरांना खरं वाटत नाही, पण आपलं अहमदपूर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं. अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तिन्ही तालुके बीदरचे. राज्यांची फेररचना झाली तेव्हा ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ ला लातूर जिल्हा झाला. त्याआधी सगळा मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात. जुनी माणसं त्याला "मोगलाई" म्हणायची. पश्चिमेला बार्शी तालुका लागला की इंग्रजांचा मुलूख, सोलापूर जिल्हा, मुंबई इलाखा.

ही हद्द दोरी धरून आखलेली नव्हती. यांची गावं त्यांच्या मुलखात, त्यांची गावं यांच्या मुलखात अडकलेली. माणसं दोन्हीकडं मराठीच बोलणारी, सोयरीक दोन्हीकडं. पण राज्य वेगळं म्हणजे सगळंच वेगळं. निजामाचं टपाल वेगळं, तिकीट वेगळं, रुपया वेगळा. इकडच्या रुपयाला हाली म्हणायचे, तिकडच्याला कलदार. सरकारी हिशोबानं १०० कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली द्यावे लागायचे. आजीचा हिशोब सोपा होता, "सात देऊन सहा घ्यायचे, अन् वरून सराफाचा बट्टा."

हद्दीवर करोडगिरीचे नाके. करोडगिरी म्हणजे जकात. इंग्रजांची कंपनी आणि निजाम यांच्यात १८०२ ला व्यापाराचा तह झाला होता, त्यात शेकडा ५ जकात ठरली. ती पुढं दीडशे वर्षांच्या आसपास चालू राहिली. माल आत आला तरी जकात, बाहेर गेला तरी जकात. कापूस न्या, धान्य न्या, येताना लुगडं आणा, नाक्यावर गाडी थांबणारच.

गाडी कशी होती?

आजोबांची गाडी लाकडी चाकाची, लोखंडी धाव बसवलेली. बाभळीचं लाकूड, गावच्याच सुताराच्या हातचं काम. वर बांबूच्या कमानी लावून त्यावर छप्पर टाकायचे. खाली कडब्याचं अंथरूण, त्यावर घोंगडी. मागच्या बाजूला पाण्याची घागर, तवा, पिठाचं गाठोडं, चटणीचा डबा. आखाला एक बांबूची नळी लटकवलेली, तिच्यात वंगण. बैल लाल कंधारी. आपल्याकडं देवणी आणि लाल कंधारी या दोन जाती. लाल कंधारी अंगानं देवणीपेक्षा जरा आटोपशीर, पण कमी वैरणीवर आणि उन्हात टिकणारा. लांबच्या वाटेला आजोबा तीच जोडी जुंपायचे.

ही गाडी दोन कामांसाठी हद्द ओलांडायची. एक म्हणजे भाड्याचा माल. दुसरं म्हणजे पंढरीची वारी. आपल्या भागातून पायी दिंड्या जायच्या तशा गाड्याही जायच्या. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया गाडीत. अहमदपूर, चाकूर, लातूर, मुरूड, ढोकी, येडशी, पांगरी, बार्शी आणि तिथून पुढं पंढरपूर. बैलाच्या चालीनं दहा-बारा मुक्काम. तेवढे दिवस गाडी हेच घर.

कुणी म्हणंल, रेल्वे होती की. होती. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ला कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ ला लातूरपर्यंत आली. अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. तीच बार्शीचा बाजार आणि लातूरचा बाजार जोडायची. तिच्यामुळं लांबचा गाडीभाड्याचा धंदा मोडला. तरी ज्याच्याकडं तिकिटाला रोख पैसा नाही आणि गोठ्यात बैल आहेत, तो गाडीच जुंपायचा. कडबा घरचा, पीठ घरचं.

हद्दीचा दिवस

अण्णांनी सांगितलेला एक दिवस मी तसाच लिहितो. नेहमीच्या वारीतला आहे, ४८ सालच्या आधीचा. तेव्हा अण्णा लहान होते, पण आजी दरवर्षी तेच सांगायची म्हणून पाठ झालेलं.

मुक्काम येडशीला. पहाटे कोंबडं आरवायच्या आत गाडी जुंपायची, कारण उतार उन्हाच्या आधी उरकायचा. येडशी बालाघाटच्या पठारावर आहे, बार्शी खाली. रामलिंगाला हात जोडून उताराला लागायचं. चढावर बैलाचं बळ बघावं आणि उतारावर गाडीवानाचं, असं आजोबा म्हणायचे. उतारावर सगळं वजन जुवावर येतं, बैलाच्या मानेवर. मग माणसं खाली उतरायची आणि चाकाला लाकडाचा दाब देत देत गाडी उतरवायची. आज तिथं अभयारण्य आहे. तेव्हा झाडी होती, बिबट्याची भीती होती, म्हणून चार-पाच गाड्या मिळून जायच्या.

उतार संपला की माळ. नुसतं गवत. पुतण्याच्या व्हिडिओत जसं दिसलं, कुठवर बघावं तिथवर मोकळं, तसंच. माळाला मुरूम, पेरणीला हलका, पण गवताला चांगला. बैल सोडून तासभर चरायला लावायचे, कारण नाक्यावर किती वेळ जाईल याचा नेम नाही.

मग नाका. गाड्यांची रांग. शिपाई गाठोडं न् गाठोडं सोडून बघायचा. पीठ किती, दाळ किती, नवं कापड आहे का, चांदी आहे का. बाईच्या अंगावरचे गोठ आणि पाटल्या जुन्या की विकायला नेताय, असं विचारायचे. आजीला त्याचा फार राग. ती म्हणायची, "गाडीत घर व्हतं रे. घराची झडती घेतल्यावानी वाटायचं."

नाका झाला की मुलूख बदलला. माळ तोच, गवत तेच, बोली तीच. पांगरीत सराफाकडं नाही तर दुकानदाराकडं हाली मोडायचे, सात देऊन सहा. संध्याकाळी गाडी सोडली, तीन दगडांची चूल, भाकरी-पिठलं. असा एक दिवस.

याच कामाची दुसरी गाडी

पुतण्या ज्या वाटेनं गेला, तिथंही असाच इतिहास आहे म्हणून तो सांगतो. अमेरिका आणि इंग्रज यांनी १८१८ ला करार करून ४९ अंश अक्षांशाची रेघ हद्द म्हणून ठरवली. रेघ कागदावर, खाली सगळं गवताचं रान. त्या रानात मेटी नावाचे लोक राहायचे, म्हणजे तिथले मूळ आदिवासी आणि गोरे यांची मिळून झालेली जमात. त्यांची रेड रिव्हर गाडी प्रसिद्ध होती. दोन मोठी चाकं, सगळं लाकूड, लोखंडाचा खिळासुद्धा नाही. एक बैल ओढायचा, चार-साडेचार क्विंटल माल. वंगण घालायचे नाहीत, कारण त्याला धूळ चिकटून आख खायचा. त्यामुळं गाड्यांचं करकरणं मैलभर ऐकू जायचं. आपली जोडीची गाडी आठ-दहा क्विंटल ओढते, पण तिथला रस्ता बघता त्यांची एक बैलाची गाडी कमी नव्हती.

या गाड्या हद्द ओलांडून अमेरिकेत माल विकायच्या. तिकडं एका इंग्रज कंपनीनं व्यापाराची मक्तेदारी घेतलेली, आमच्याशिवाय कुणाला विकायचं नाही म्हणून. १८४९ ला एका मेटी व्यापाऱ्यावर खटला झाला. कोर्टाबाहेर शेकडो लोक जमले. त्याला दोषी तर धरलं, पण शिक्षा दिली नाही, आणि तिथून मक्तेदारी मोडल्यात जमा झाली. पुढं १८७८ ला रेल्वे आली आणि गाड्यांचा धंदा बसला. आपल्याकडं बार्शी-लातूरला झालं तेच.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांसाठी. त्या रेड रिव्हर खोऱ्यातली जमीन काळी, चिकट, पावसात पाय सोडत नाही आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. आपली काळी बेसाल्ट खडकापासून झालेली. त्यांची हजारो वर्षांपूर्वी बर्फ वितळून झालेल्या एका प्रचंड तळ्याच्या गाळाची. जन्म वेगळा, पण गुण सारखे. आणि आता तिथं गवत जवळपास राहिलंच नाही. पुतण्याच्या व्हिडिओत हिरवं रान म्हणून जे दिसत होतं, ते थांबवून नीट बघितलं तर त्यात सोयाबीन होतं. आपल्या लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव निघतो, त्यात तिकडच्या पिकाचाही हात असतो.

१९४८ साल

आता मूळ गोष्टीवर येतो.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. आपण नाही. निजामानं वेगळं राहायचं ठरवलं. म्हणजे बार्शीत तिरंगा आणि येडशीत आसफजाही झेंडा. त्या दिवसापासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, तेरा महिने, ती करोडगिरीची हद्द खरोखरच दोन देशांची हद्द झाली. नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकारबरोबर "जैसे थे" करार झाला, पण त्यानंतर लगेच निजाम सरकारनं दोन हुकूम काढले. सोनं-चांदी भारतात न्यायला बंदी आणि भारताचं चलन संस्थानात चालणार नाही. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या घरात बार्शीच्या बाजारातले चार कलदार होते, त्यानं करायचं काय?

आजोबांकडं चौदा होते. त्यांनी ते वंगणाच्या नळीत टाकले आणि वरून काळं वंगण भरलं. नाक्यावरचा शिपाई सगळीकडं हात घालतो, पण वंगणात घालत नाही, हे त्यांना वारीच्या अनुभवावरून माहीत होतं.

त्या वर्षी रझाकारांची दहशत होती. त्यांचा पुढारी कासिम रझवी आपल्या लातूरचाच वकील. दुसऱ्या बाजूनं स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते हद्दीपलीकडं कॅम्प टाकून होते. तिथून येऊन करोडगिरीचे नाके जाळायचे, सरकारी लेव्हीचं धान्य देऊ नका म्हणून सांगायचे. गावात रात्री दिवा लावायची भीती. हद्दीजवळच्या आणि आतल्या भागातूनही हजारो माणसं बार्शी-सोलापूरकडं निघाली.

आमचं घर त्या सालच्या आषाढात निघालं. गावात सांगितलं, वारीला जातोय. गाडीत दोन महिन्यांचं पीठ जास्त भरलं, एवढाच फरक. मृगाचा पाऊस पडून गेलेला, रान पेरणीला आलेलं. पेरणी टाकून शेतकरी वारीला जात नाही, हे गावाला कळत नव्हतं असं नाही, पण कुणी काही विचारलं नाही.

शेजारी एक पिंजारी चाचा होते. कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे, थोडी जमीनही होती. त्यांच्या जमिनीला लागून आमचं रान. निघायच्या रात्री आजोबा त्यांच्याकडं गेले. चाचा म्हणाले, "जाव भाई. वरच्या तुकड्यात मी जवारी टाकतो. आल्यावर निम्मी-निम्मी." बियाणं आजोबांनी दिलं. खालचं काळीचं रान तसंच पडीक राहिलं.

नाक्यावर त्या वेळी काय झालं, हे आजी कधी सांगायची नाही. अण्णा आठ वर्षांचे होते, त्यांना एवढंच आठवतं की गाडी सकाळपासून ऊन कलेपर्यंत उभी होती आणि आई एक शब्द बोलत नव्हती. वंगणाच्या नळीत कुणी हात घातला नाही. नाका मागं पडल्यावर बऱ्याच वेळानं आजी मोठ्यानं बोलली, आणि बोलली काय, तर "बैलाला पाणी दाखवा."

वारी झाली की नाही ते माहीत नाही. बार्शीच्या बाहेर माळावर गाड्या लागल्या होत्या, त्यात आमची एक. तीन महिने गाडीच्या छपराखाली संसार. पावसाळ्याचे दिवस, खालून ओल, वरून गळती. अण्णांना ताप भरला. चौदा कलदार संपले. मग जोडीतला एक बैल विकला. दुसरा विकला नाही, कारण मग गाडी म्हणजे नुसतं लाकूड, आणि परत जायची आशाच संपली असती.

१३ सप्टेंबरला भारताचं सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेनं आत शिरलं. आणखीही दिशांनी शिरलं. पाच दिवसांत, १७ तारखेला, निजामानं शरणागती पत्करली. बार्शीच्या माळावर त्या दिवशी साखर वाटली म्हणे.

परतीला एकाच बैलाची अडचण. शेजारच्या गाडीवाल्यानंही एक बैल विकलेला. मग त्याचा एक आणि आमचा एक असे एका जुवाखाली आले. त्याचा खिलार उंच, आमचा लाल कंधारी ठेंगणा. जू तिरकं चालायचं, गाडी सारखी एका अंगाला ओढायची. दुसरी गाडी तिथंच फुकापासरी विकली आणि दोन घरं एका गाडीत निघाली.

नाक्यापाशी आले तर तिथं कुणीच नव्हतं. दार उघडं, कागदं उडालेली. आजोबांनी तरी गाडी थांबवली. सवयीनं. बराच वेळ थांबून मग हाकली. पुढं नव्या राज्यातही काही वर्षं जकात चालू होती आणि मग हळूहळू बंद झाली. पण त्या दिवशी कुणी अडवलं नाही.

जवारीचा हिस्सा

गावात आलो, असं अण्णा सांगतात, आणि पहिल्यांदा वरच्या तुकड्याकडं बघितलं. ज्वारी कमरेच्या वर गेलेली. चाचांनी शब्द पाळला होता. निंदलेलं, कोळपलेलं स्वच्छ रान.

चाचांच्या घराला कुलूप नव्हतं, कारण दारच नव्हतं. आत पिंजायची धनुकली मोडून पडलेली. माणूस कुणी नाही.

पोलिस ॲक्शनच्या नंतरचे ते दिवस आपण १७ सप्टेंबरच्या भाषणात बोलत नाही. नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिच्या अहवालात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मुसलमान लोकांची सगळ्यात जास्त हानी झाली असं लिहिलंय. तो अहवाल कितीतरी वर्षं लोकांसमोर आला नाही. आपला तालुका तेव्हा बीदरमध्ये होता. रझाकारांनी जे केलं ते खरं, आणि नंतर जे झालं तेही खरं. एक सांगून दुसरं झाकायचं, हे माझ्या आजोबांना जमलं नाही, म्हणून मीही लिहितोय.

कुणी म्हणालं, चाचांचं घर रातोरात गाडी जुंपून हैदराबादकडं गेलं. म्हणजे आषाढात एक गाडी पश्चिमेला गेली आणि चार महिने व्हायच्या आत दुसरी गाडी पूर्वेला. दोन्ही गाड्यांत तेच, पीठ, घागर, घोंगडी आणि गप्प बसलेली बाई.

ज्वारी काढली, मळली, मापली. निम्मी वेगळी केली आणि पेवात टाकली. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. पेवातली ज्वारी जास्त दिवस राहिली की लालसर पडते, तिला वास येतो, हे जुन्या लोकांना माहीत आहे. आजोबांनी तीन वर्षं ठेवली. हैदराबादकडं जाणाऱ्या दोघा-तिघांजवळ निरोप दिला. कुणी आलं नाही. शेवटी ती खाण्याजोगी राहिली नाही, जनावराला घातली. आजी सांगायची की त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत.

खालच्या काळीच्या रानाची शिक्षा वेगळीच. एक हंगाम पाळी बसली नाही, आणि कुंद्यानं तेवढ्यात मूळ धरलं. ज्यांची भारी काळी आहे त्यांना सांगायला नको. कुंदा नांगरानं जात नाही, मुळ्या खोल जातात, तुकडा राहिला की परत फुटतो. तेव्हा तणनाशक नव्हतं. उन्हाळ्यात कुदळ घेऊन खांदून काढायचा, वाळवायचा, जाळायचा. आमच्या घरानं सहा उन्हाळे तो खांदला. तेरा महिन्यांच्या हद्दीची किंमत आमच्या रानानं सहा वर्षं भरली.

माळाचं काय झालं?

हद्दीच्या दिवशी बैल जिथं चरायचे, त्या माळावर मागच्या साली मुद्दाम थांबलो होतो. जुनी माणसं सांगायची की तिथं पवन्या आणि मारवेल गुडघ्याला लागायचं. आता बहुतेक कुसळी. शेतीतज्ज्ञांना हे माहीत आहे. चराई जास्त झाली की चांगली, जनावराला आवडणारी गवतं आधी जातात, कुसळी मागं राहते, आणि तीही गेली की उघडा मुरूम. पुढं सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजला १९७९ ला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य केलं, कारण तो पक्षी गवताच्या माळाशिवाय राहत नाही. आता तो दिसणं फार मुश्कील झालंय.

अमेरिकेतही तेच. गवत मोडून गहू पेरला, मग १९३० नंतरच्या दुष्काळात तिथल्या सपाट प्रदेशात धुळीची वादळं उठली, माती उडून गेली, आणि हजारो शेतकरी जुन्या मोटारींवर संसार बांधून निघाले. तिकडंही घर चाकावर आलं ते हौसेनं नाही.

शेवटी एवढंच

पुतण्या चाकावर घर घेऊन निघाला ते सुट्टी म्हणून. चांगलंच आहे, त्याच्या पणजोबांना बघून आनंद झाला असता. पण आपल्या भागात चाकावरचं घर आजही नाइलाजाचंच आहे. दिवाळी झाली की बघा. टायरगाड्या जुंपून, नाही तर ट्रॅक्टरच्या मागं बसून ऊसतोडीला माणसं निघतात. मुकादमाची उचल घेतलेली. पीठ, घागर, तवा, घोंगडी, मागं बांधलेली शेळी, वर बसलेली लेकरं. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी हद्द ओलांडून कर्नाटकात. पाच-सहा महिने कोपीत राहायचं. नाका नाही, हाली-कलदार नाही, कुणी पीठ सोडून बघत नाही. पण लेकराची शाळा हद्दीच्या अलीकडं राहते.

म्हणून माझं दोन गोष्टींचं सांगणं आहे. एक, तुमच्या गावातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची चार एकर, दोन एकर रानं पडीक राहतात. जमलं तर शेजाऱ्यानं त्यात हरभरा, करडई टाकावी, निम्म्या वाट्यानं. नाही तर निदान एक पाळी घालावी, कुंदा-हरळी धरू देऊ नये. पिंजारी चाचांनी त्या सालात, तसल्या दिवसांत केलं, आपल्याला आता काय अडचण आहे?

दुसरं, घरात ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढचं कुणी असंल, तर त्यांच्याजवळ बसा आणि ४८ साल विचारा. कुठून गेलात, कुठं मुक्काम केला, रान कुणी बघितलं, कोण परत आलं आणि कोण आलं नाही. दोन्ही बाजूंचं लिहून घ्या. आमचे अण्णा आता दिवसभर झोपूनच असतात, पण नाक्याचं विचारलं की उठून बसतात.

आजोबांच्या गाडीचं एक चाक अजून गोठ्याला टेकवून ठेवलंय. धाव गंजली, दोन आरे गेले. वंगणाची नळी मात्र शाबूत आहे.

पाऊस उघडला की सोयाबीनची नोंद टाकतो. खालच्या रानातलं पाणी काढा, शेंगा भरताना मुळं दोन दिवसांवर पाण्यात ठेवू नका.

राम राम.